मोठ्या मापाच्या बांगड्या

बंदर बंद व्हायच्या आधी मागवायच्या मालाची यादी करणं, हे लग्नानंतर माझ्याकडे आलेलं पहिलं काम. आमचं कासाराचं दुकान रत्नागिरीच्या बाजारपेठेत होतं. माल मुंबईहून आगबोटीनं यायचा, आणि आगबोट पावसाच्या तोंडावर थांबायची ती नारळी पौर्णिमा झाल्यावरच पुन्हा दिसायची. मधले महिने घरात असेल त्यावर काढायचे. आषाढात लागणारी वस्तू चैत्रात आठवली नाही, तर ती मिळायची नाही. अशी मी याद्या करायला शिकले, आणि ती खोड अजून गेलेली नाही. सुना त्यावरून हसतात. हसोत. हिंगाची डबी रिकामी निघाली की माझ्याकडेच येतात.

दुकानात बसणारी माणसं दोनच. एक मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि दुसरी मी. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. आमचे हे मुंबईत बांगड्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे कामाला होते आणि आमच्या दुकानाचा माल तेच निवडून पाठवत. मामंजींची नजर अधू झाली होती, पण बाईचा पंजा एकदा दाबला की तिचं माप त्यांच्या बोटांना कळायचं. अंगठ्याखालचा सांधा आत वळवून ते बांगडी अशी सरकवत की बाई शेजारणीशी बोलतच राहायची.

त्यांचे नेम दोन. भरताना बांगडी वाढवली, तर ती कासाराची, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि दुसरा नेम, उघड्या हाताची सवाष्ण पायरीवर आली, तर तिला तशी परत पाठवायची नाही. जवळ पैसे असोत नसोत, हात भरूनच ती खाली उतरली पाहिजे.

आमच्या दुकानातल्या बांगड्या कुठून कुठून यायच्या, हे मला यादी करतानाच कळलं. मोठ्या लढाईच्या आधी ऑस्ट्रियाची बांगडी यायची, असं मामंजी सांगत. तिकडे कुणी राजपुत्र मारला गेला, लढाई पेटली, ती बांगडी यायची बंद झाली आणि तिची जागा जपाननं घेतली. ज्या बाईनं जन्मात चिपळूण पाहिलं नव्हतं, तिच्या हातातली काच अशी एका देशातून दुसऱ्या देशात गेली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मला मात्र यादीत एक नाव खोडून दुसरं लिहावं लागलं असतं, तेवढाच फरक. देशी म्हणाल तर फिरोजाबादची बांगडी. ती थोडी जाड, थोडी ओबडधोबड, आणि दरही जास्त.

मिठाचा कायदा मोडला त्या वर्षीची गोष्ट. गावातले एक वकील तुरुंगात गेले होते आणि बायकांच्या कमिटीचं काम त्यांची पत्नी बघत होती. सगळे तिला वकिलीणबाई म्हणत. परदेशी कापडाच्या दुकानांपुढे धरणं धरून झाल्यावर कमिटी आमच्याकडे आली. तेव्हा पहिली अडचण अशी झाली की कासाराच्या पायरीवर बायका बसल्या आहेत यात कुणालाच नवल वाटेना. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, गिऱ्हाइकं आहेत. दोघी बायका तर त्यांना बघूनच आत शिरल्या. एवढी गर्दी आहे म्हणजे नवा माल आला असणार, असा त्यांनी हिशेब केला.

मामंजी म्हणाले, "बसा, बसा. पायरी तुमचीच आहे. पाणी आणायला सांगू?"

"आजोबा, आम्ही हात भरायला आलेलो नाही," वकिलीणबाई म्हणाल्या.

"मग काय, रिकामे करायला आलात?"

त्याही हसल्या. मग सरळ मुद्द्यावर आल्या. जपानी बांगडी विकायची नाही, देशीच विकायची, आणि तशी कागदावर सही द्यायची. मामंजींनी गादीवरची एक हिरवी बांगडी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"ही फिरोजाबादची. काच तिथली, पण काचेतला सोडा आफ्रिकेतून येतो म्हणतात. हिरवा रंग जर्मनीचा. मुंबईहून इथवर आली ती गोऱ्यांच्या आगबोटीतून. आता ही देशी का परदेशी, तुम्हीच सांगा."

मागे बसलेली एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "भट्टी कुणाची, आजोबा?"

"भट्टी आपल्या माणसाची."

"आणि भट्टीवर काम करणारे?"

"तेही आपलेच."

"मग झाली देशी."

मामंजी थोडा वेळ बांगडी बोटावर फिरवत बसले. मग म्हणाले, "हे मला पटलं. आण कागद." आणि त्यांनी सही केली. कुणाच्या भीतीनं केली नाही. मी शेजारी होते, म्हणून सांगते. रात्री जेवताना मला म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्या पेटत्या ठेवल्या मी."

दुसऱ्या दिवशी जपानी माल दोन पेटाऱ्यांत भरून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या आणि कमिटीचं लाखेचं सील बसून ते माळ्यावर गेले. भरताना मी माझ्यासाठी टिपण करत होते. ते पुरं झाल्यावर मला बसवेना. लहान आणि मधली मापं देशी मालात भरपूर होती. मोठी मापं मात्र जवळजवळ सगळी पेटाऱ्यांत गेली होती. देशी मोठ्या बांगड्या चार-पाच डझन, त्याही जाड काचेच्या, आतून अरुंद.

मी मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "मागव."

मी त्याच दिवशी मुंबईला लिहिलं. ह्यांचं उत्तर आलं की सगळीकडे बायकांनी देशी बांगड्या मागायला सुरुवात केल्यामुळे फिरोजाबादला माल पुरत नाही. भट्टीवाले शहरांत खपणारी मापं आधी काढतात. मोठं माप कोण मागतं? कोळणी, खारविणी, कामकरी बायका. त्यांची मागणी थोडी, दर कमी, म्हणून ते शेवटी. आलं की पाठवतो. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं की इकडे जपानी माल पडून आहे, व्यापारी तो मिळेल त्या भावानं काढतायत.

शेवटची आगबोट आली. मी आगबोटीवरून माल काठाला आणणाऱ्या पडावातून उतरणाऱ्या प्रत्येक खोक्याकडे बघत बंदरावर उभी राहिले. आमचं खोकं एक आलं. त्यात सव्वादोन इंचाचीच, म्हणजे लहान मापं. पावसाळा लागला.

मग माझी घालमेल सुरू झाली. मी मोठ्या बांगड्या मोजून ठेवायची, पुन्हा मोजायची. फळीवरून खाली, खालून वर. मामंजी म्हणत, "मोजून वाढतात का त्या?" तेवढ्यात कळलं की बंदराच्या वाटेवर एका बंद वखारीच्या ओसरीवर घाटावरचा एक फेरीवाला बसायला लागलाय आणि त्याच्याकडे जपानी बांगड्या आहेत, सगळ्या मापांच्या, आमच्या जुन्या दराच्या निम्म्यानं. मला आधी खरं वाटेना. मग उलगडा झाला. मुंबईचा पडून राहिलेला माल रेल्वेनं कोल्हापुराला जात होता. कोल्हापूर संस्थानात. तिथे कमिटी नव्हती, धरणं नव्हतं, सील नव्हतं. तिथून आंबा घाटातल्या मोटारीनं एक पेटी घेऊन उतरायचं आणि आठ दिवसांत रिकामी करून परत चढायचं. आमच्या वरच्या माळ्यावर तीच बांगडी सील होऊन पडलेली, आणि घाट उतरून आलेली तीच बांगडी बाहेर विकली जात होती.

कमिटीच्या मुली त्या फेरीवाल्याकडे एकदा गेल्या. तो म्हणाला, "मी कुठं सही केलीया? तुमच्या गावचा न्हवं मी." आणि पेटी उचलून पुढच्या ओसरीवर जाऊन बसला.

आषाढातल्या एका दुपारी भाट्याची एक खारवीण आमच्या पायरीवर येऊन उभी राहिली. डोकीवरचं इरलं तिनं भिंतीला टेकवलं. उजवा हात पदराखाली धरला होता. तिला मी ओळखत होते. दर सणाला ती आमच्याकडेच हात भरायची. तिचा नवरा परदेशी कंपनीच्या बोटीवर खलाशी होता आणि शिमग्यापासून त्याचं पत्र नव्हतं.

"आजोबानू, हात बगा वो," ती म्हणाली आणि तिनं हात बाहेर काढला. मनगट सुजलेलं, आणि त्यावर एकही बांगडी नाही. भाट्याहून इकडे येताना खाडी तरीनं, म्हणजे होडीनं, ओलांडावी लागायची. धक्क्याला लागताना होडी हेलकावली, हिनं फळी धरली आणि हात फळी नि दगडाच्या मध्ये सापडला.

"हाड तर शाबूत आहे," मामंजी बोटांनी चाचपत म्हणाले. "नशीब समज."

"हाडाचं काय घेऊन बसलाव? सासू पडवीतच बसलेली हाय. शेजारीन रोज येऊन विचारते, पत्र आलं का, पत्र आलं का. आनी आज मी असा हात घेऊन घरात जाऊ? सासू छाती पिटून घेल. अख्खी वाडी गोला व्हईल."

"नवऱ्याची बोट कुठे आहे, काही कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या एकाचं पत्र आलं व्हतं. बोट तिकडंच विलायतेत बांधून ठेवलीय म्हनं. जगात कोन कोनाचा माल घेत नाय, म्हनून बोटी रिकाम्या उभ्या हायत. आता मानसं उतरवली का बोटीवरच हायत, ता कोनाला ठावं."

मामंजींनी मोठ्या देशी बांगड्या मागितल्या. मी दिल्या. हातावर साबण लावला, खोबरेल लावलं. त्यांनी तिचा पंजा नेहमीसारखा दुमडला, पण जाळी ओढून तिचा सांधा रुंद झालेला, आणि त्यात सूज. पहिली बांगडी सांध्यावर वाढवली. दुसरी थोडी पुढे गेली आणि तीही वाढवली. अंगठ्याच्या मुळाशी रक्त आलं. मामंजींनी आपल्याच धोतराच्या सोग्यानं ते पुसलं. तिसरी त्यांनी हातात घेतली आणि परत फळीवर ठेवली.

"ह्या नाही जायच्या," ते म्हणाले.

"मागल्या खेपेला गेल्या व्हत्या त्या भरा ना."

ती बरोबर बोलत होती. मागल्या खेपेच्या बांगड्या माळ्यावर होत्या. मी वर बघितलं, मामंजींनी वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "मामंजी, एक डझन. सूज आहे, सण नाही काही नाही. मी वकिलीणबाईंना विचारून येते."

"विचार. पण त्यांच्या तोंडून हो आल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही."

छत्री घेऊन मी निघाले. वकिलीणबाई स्वयंपाकघरात होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग चुलीवरचं भांडं उतरवलं.

"तिला हळदीचा दोरा बांधता येणार नाही का? सूज उतरेपर्यंत?"

"दोरा बघून तिची सासू गप्प बसणार नाही, बाई. त्यांच्याकडे काच लागते."

"तुला काय वाटतं, मला हे कळत नाही?" त्यांनी आपले हात पुढे केले. दोन्ही हातांत एकेकच देशी बांगडी. "माझ्या सासूबाई मला रोज बोलतात. म्हणतात, नवरा तुरुंगात आणि हिनं हात ओकेबोके करून ठेवलेत. आज मी एक डझन काढू दिली, तर उद्या कापडवाला येईल. म्हणेल, माझ्याही दारात एक बाई रडतेय. आणि खरंच रडत असेल ती. मग कुणाला नाही म्हणू?"

मी उलट विचारलं, "मग तिनं त्या घाटावरच्या फेरीवाल्याकडे जायचं का?"

"मी जा म्हणणार नाही. पण तिचा हात धरून अडवायलाही जाणार नाही." मग भांडं पुन्हा चुलीवर ठेवत म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं तुरुंगातून मलाही पत्र आलेलं नाही, महिना होऊन गेला."

परत येताना मी इतक्या झपाझप चालले की छत्रीचा काही उपयोग झाला नाही. मनात एकेक वाट मांडत होते आणि खोडत होते. सील फोडायचं, तर मामंजींचा शब्द जातो. तिला फेरीवाल्याकडे पाठवायचं, तर बाई आपल्या पायरीवरून उघड्या हातानं परत गेली असं होतं. शिवाय तो फेरीवाला बांगडी भरणारा कासार नव्हता. तो बांगड्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, घाला तुमच्या तुम्ही. सुजलेल्या हातावर तिनं अर्ध्या वाढवल्या असत्या.

दुकानाशी पोचले तर मामंजी पायरीवर उभे. टोपी घातलेली, हातात काठी, आणि खिशात साबणाची वडी. खारवीण इरलं घेऊन शेजारी उभी होती.

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं.

"म्हणणारच. त्यांच्या जागी मीही म्हटलं असतं. चल, दुकान ओढून घे. मला वाट दिसत नाही पावसात, तू हात धर."

"कुठे जायचं?"

"वखारीच्या ओसरीवर."

आम्ही तिघं भर बाजारातून निघालो. ज्यानं आमचं गिऱ्हाईक पळवलं त्याच्या दारात मालक स्वतः चालला होता, आणि अख्खी पेठ बघत होती.

फेरीवाला सतरंजी पसरून विडी ओढत बसला होता. मामंजींना बघून त्यानं विडी विझवली. "या की म्हातारबा. बसा. आज इकडं कशी काय वाट चुकलासा?"

"वाट नाही चुकलो. हिचा हात भरायचाय. तुझ्याकडे पावणेतीनच्या हिरव्या आहेत?"

"हाईत की. बक्कळ हाईत."

"काढ. माल तुझा, पैसे तुझे. भरणार मी."

तो बघतच राहिला. "आन् तुमास्नी काय मिळायचं त्यात?"

"काही नाही."

"ह्यो कसला धंदा वो?"

"धंदा नाही हा," मामंजी म्हणाले आणि काठी बाजूला ठेवून त्याच्या सतरंजीवर बसले.

एव्हाना ओसरीखाली पाचसहा माणसं गोळा झाली होती. धान्याच्या दुकानातल्या एकानं आवाज दिला, "काय कासारबुवा, दुकान बदललंत वाटतं?"

"नाही रे. पायरी जरा लांबवलीय."

माणसं हसली. मामंजींनी तिच्या हाताला साबण लावला. कितीतरी वेळ ते नुसता पंजा चोळत बसले, सूज मागे सारावी तसे. मग अंगठा आत दुमडला. पहिली जपानी बांगडी सांध्याशी अडली. ते थांबले. तिला म्हणाले, "तुझ्या सासूला काय म्हणतेस ग तू? आवशी का आत्या?"

"आत्या," ती म्हणाली, आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर होती.

एकेक करून डझन भरली. एकही वाढवली नाही. फेरीवाला पुढे सरून त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होता. शेवटी त्यानं आपण होऊन पेटीतली एक बांगडी काढली आणि म्हणाला, "ही वरची. माझ्याकडनं." मामंजींनी तीही भरली.

खारविणीनं कनवटीचे पैसे काढून फेरीवाल्याला दिले. मग पदर डोकीवरून घेतला, आणि बांगड्या भरून झाल्यावर कासाराला करतात तसा वाकून मामंजींना नमस्कार केला. फेरीवाल्यानं आपले पाय आत ओढून घेतले. मामंजी नेहमीचं तेच म्हणाले, अखंड राहा. तिनं तो हात मुद्दाम इरल्याच्या बाहेर ठेवला आणि तरीच्या दिशेनं गेली. वाटेत तिला दोघी ओळखीच्या भेटल्या. त्यांनी तिचा हात धरून पाहिला, आणि मग वळून आमच्याकडे आणि त्या ओसरीकडे पाहिलं.

मला कळलं की उद्यापासून बंदरावरच्या सगळ्या बायका इथेच येणार. खुद्द कासार इथे बसला म्हटल्यावर त्यांना कसला संकोच? मी परतताना ते बोलूनही दाखवलं.

"येऊ देत," मामंजी म्हणाले.

"आणि कमिटीला कळलं तर?"

"कळेलच. मी विकली का?"

"विकली नाहीत. पण भरलीत."

"भरली," ते म्हणाले. चिखलातून काठी टेकत चालले होते. माझ्या डोक्यात आकडे फिरत होते. गणपती, दसरा, दिवाळी, आणि बंदरावरची घरं किती. आगबोट कधी, फिरोजाबाद कधी, जगातल्या त्या बोटी पुन्हा कधी सुटणार. यातली एकही गोष्ट माझ्या हातातली नव्हती.

दुकानाच्या पायरीशी आल्यावर मामंजींनी खिशातून सुताचा एक तुकडा काढला. त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. भरताना केव्हा त्यांनी तिच्या पंजाभोवती तो धरला, ते मला दिसलं नव्हतं.

"हे मोठं माप. मुंबईला पाठव. लिही की भट्टीवाल्याला म्हणावं, एवढी मोठी आणि पातळ काढ. दहा डझन मी घेतो, खपो न खपो."

"बंदर उघडायची वाट न बघता टपालानं धाडीन. पण माल यायला दिवाळी उजाडेल. तोपर्यंत काय?"

त्यांनी टोपी काढून झटकली. "तोपर्यंत तो घाटावरचा मंगळवारी कुठे बसतो आणि शुक्रवारी कुठे, ते विचारून ये. आणि त्याला सांग, सतरंजी जरा मोठी आण. आज माझा एक गुडघा पावसात होता."

मी छत्री पुन्हा उघडली आणि विचारायला गेले.